इंग्लंडमधलं जुनं काँक्रीटचं घर : एरी, कॉर्निश युनिट, नो-फाइन्स… ओळखायचं कसं आणि घ्यायचं का?

अबोली_प्लिमथ
मंडळी, जरा तातडीचं आहे. प्लिमथमध्ये एक सेमी-डिटॅच्ड घर बघितलं. तीन बेडरूम, मागे लांबलचक बाग आणि भाव आसपासच्या घरांपेक्षा बराच खाली. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात 'नॉन-स्टँडर्ड कन्स्ट्रक्शन, रोख खरेदीदारांना प्राधान्य'. एजंटला विचारलं तर म्हणतो, कॉर्निश युनिट आहे पण दुरुस्त केलेलं, काळजी नको. खालचा मजला विटांचा दिसतो. वरचा मजला मात्र चारी बाजूंनी कौलांनी मढवलेला, म्हणजे छप्परच अर्ध्यापर्यंत खाली उतरलंय. चिकटून असलेलं शेजाऱ्यांचं घर तळमजल्याला करड्या काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यांचं आहे, विटा नाहीत.
नवरा म्हणतो, आपण जन्मभर आरसीसीतच राहिलो, इथे एवढा बाऊ कशाचा? मला उत्तर देता आलं नाही. कुणी जाणकार आहे का इथे?

ठाणेकर_साइटवाला
नवऱ्याला माझा पाठिंबा. मुंबईत इमारतीला ३० वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, कॉलम फुगलेले निघतात, सळया घासून पॉलिमर मॉर्टर मारतो, सोसायटी वर्गणी काढते आणि पुढची पंधरा वर्षं भांडत राहते. दोन मजली घराला काय होणार आहे?

खडीवाला
ठाणेकर, आजार तोच आहे, शरीर वेगळं आहे. तुमच्या सोसायटीचा कॉलम नऊ बाय अठरा इंच तरी असतो. त्याचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडालं तरी आत माल शिल्लक असतो. या घरांचे कॉलम कारखान्यात साच्यात ओतलेले, कित्येकदा चार-सहा इंचांचे. सळईवर कव्हर कागदावर कमी आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. तिथे मॉर्टर मारायला जागाच नसते.

अबोली, थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण त्याशिवाय एजंटचं 'दुरुस्त केलेलं' तपासता येणार नाही. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये घरं हवी होती लाखांनी. विटा नव्हत्या, गवंडी नव्हते. सरकारने १९४२ मध्येच समिती बसवली होती, घरं आणखी कशाने बांधता येतील हे बघायला. मग जो तो आपली पद्धत घेऊन पुढे आला. लीड्सच्या एडविन एरींची एक, कॉर्नवॉलमध्ये चिनी मातीच्या खाणींतून निघणाऱ्या वाळूचं काय करायचं म्हणून एक, डेव्हनमधली वूलअवे, शिवाय वेट्स, युनिटी, रीमा, ऑर्लिट, पार्किन्सन. या सगळ्यांना इथे पीआरसी म्हणतात, प्रीकास्ट रीइन्फोर्स्ड काँक्रीट. नगरपालिकांनी ती भाड्याने दिली आणि १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना ती विकत घेता येऊ लागली. लोकांनी घेतली. त्याच सुमारास एका एरी घराला आग लागली, नंतरच्या तपासणीत कॉलमना उभ्या भेगा आढळल्या. बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने मग एकेक पद्धत उघडून बघायला घेतली, आणि जिथे बघावं तिथे तेच.

कारणं मुख्यतः दोन. पहिलं कार्बोनेशन. ताजं काँक्रीट अल्कलीयुक्त असतं, पीएच साडेबाराच्या वर, त्यात सळईला गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, पीएच नऊच्या खाली येतो आणि सळईचं संरक्षण जातं. कव्हर दोन इंच असेल तर पिढ्या जातात, अर्धा इंच असेल तर जात नाहीत. दुसरं क्लोराइड. हिवाळ्यात काँक्रीट लवकर घट्ट व्हावं, साचा दुसऱ्या दिवशी मोकळा व्हावा म्हणून कारखान्यात कॅल्शियम क्लोराइड टाकायचे. कुणी मोजून, कुणी फावड्याने. आरसीसीत ते टाकणं इथे १९७७ मध्ये बंद झालं, तोवर ही सगळी घरं उभी होती.

मोरपंखी
हे बाहेरून कळतं का काही? म्हणजे आपल्यासारख्या सामान्य माणसाला?

खडीवाला
बरंच कळतं.

अबोलीने वर्णन केलंय ते कॉर्निश युनिटचा पहिला प्रकार. खाली काँक्रीटचे कॉलम, मध्ये आडव्या पट्ट्या, आणि वरचा मजला लाकडी सांगाड्याचा, त्यावर मॅन्सार्ड छप्पर खालपर्यंत आलेलं. दुसऱ्या प्रकारात दोन्ही मजले काँक्रीटचे आणि छप्पर नेहमीचं उतरतं. ही घरं तीसेक हजार बांधली, बहुतेक नैर्ऋत्येला, पण पार मिडलँड्सपर्यंत सापडतात. पहिल्या प्रकारात काळजीचा भाग तळमजलाच. कोपऱ्यातल्या आणि खिडकीच्या बाजूच्या कॉलमवर उभी केसाएवढी भेग शोधायची, कडेला तांबूस डाग. रंगाचा जाड थर असेल तर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला की आतून पोपडा सुटलाय.

एरी ओळखायला सर्वात सोपं. बाहेरून काँक्रीटच्या छोट्या छोट्या फरश्या एकावर एक किंचित चढवलेल्या, आडव्या ओळीच ओळी. त्यांच्या मागे दर दीड फुटाला जेमतेम चार इंची कॉलम, त्यात सळईऐवजी पोलादी नळी, आणि फरशी कॉलमला तांब्याच्या तारेने बांधलेली. बाहेरची फरशी ठणठणीत दिसते आणि कॉलम आत लपलेला असतो, ही त्यातली गोम. म्हणून एरी बघायला गेलात तर शिडी मागा आणि माळ्यावर चढा, तिथे कडेला कॉलमची डोकी दिसतात.

वेट्स, रीमा मजलाभर उंचीच्या पॅनेलची, उभे सांधे दिसतात. ऑर्लिट स्कॉटलंडात जास्त. त्यात बीमच्या सांध्यांमध्ये काही ठिकाणी हाय अॅल्युमिना सिमेंट वापरलंय, त्याची ताकद उष्णता-ओलीने कालांतराने घटते. त्या सिमेंटमुळे १९७३-७४ मध्ये लंडनमधल्या शाळांची छपरं कोसळली होती. वूलअवेवर गिलावा असतो, त्यामुळे फसायला होतं. 'बूट' नावाची घरं त्याहून जुनी, १९२०-३० ची, भट्टीतल्या क्लिंकरच्या, म्हणजे जळक्या कोळशाच्या खड्यांच्या, खडीची. उरलेल्यांची यादी देत बसत नाही, वीस-पंचवीस नावं निघतील.

लीड्सकर
एरीचं नाव निघालं म्हणून. आमच्या लीड्सजवळ ओल्टनला खाणकामगारांसाठी १९५० च्या दशकात बांधलेली एरी घरांची अख्खी गल्ली होती, शुगर हिल क्लोज. मालकाला पाडून नवीन बांधायची होती, भाडेकरूंना तिथेच राहायचं होतं. बरीच वर्षं लढले बिचारे. २०२१ मध्ये अपिलात पाडायला परवानगी मिळाली. मी तेव्हा तिकडून सायकलने जायचो. घरं बाहेरून काही पडायला आलेली वाटत नसत, कुंड्या-बिंड्या लावून छान ठेवलेली होती. भाडेकरूंचं म्हणणं, दुरुस्त करा. मालकाचं म्हणणं, परवडत नाही. दोघांच्याही हातात इंजिनिअरचे अहवाल.

ठाणेकर_साइटवाला
म्हणजे तंतोतंत आपली रिडेव्हलपमेंट! फक्त एफएसआय नाही.

हिशेबी
मी मॉर्गेज म्हणजे गृहकर्ज सल्लागार, तेव्हा पैशाची बाजू सांगते.

१९८४ च्या हाउसिंग डिफेक्ट्स ॲक्टने ठरावीक पद्धतींची घरं 'डेझिग्नेटेड डिफेक्टिव्ह' जाहीर केली. दुसऱ्या वर्षी तो भाग हाउसिंग ॲक्टमध्ये गेला. ज्यांनी दोष जाहीर व्हायच्या आधी नगरपालिकेकडून घर घेतलं होतं त्यांना दुरुस्तीच्या खर्चाच्या साधारण ९० टक्के अनुदान, किंवा नगरपालिकेने घर परत विकत घ्यायचं, निर्दोष घराच्या किमतीच्या ९५ टक्क्यांना. ती योजना केव्हाच बंद झाली. आज घेणाऱ्याला एक पेनीही मिळत नाही, तेव्हा एजंट 'ग्रँट मिळते' म्हणाला तर हसून सोडून द्या.

दुरुस्तीसाठी तेव्हा पीआरसी होम्स लिमिटेड नावाची संस्था होती, घरांची वॉरंटी देणाऱ्या एनएचबीसीने काढलेली. तिने मंजूर केलेल्या आराखड्याप्रमाणे काम झालं की प्रमाणपत्र मिळायचं. आता ती संस्था नाही, पण कागद चालतो. नंतर दुरुस्ती झाली असेल तर इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि बिल्डिंग कंट्रोलचं (नगरपालिकेचा बांधकाम तपासणारा विभाग) कम्प्लीशन सर्टिफिकेट लागतं.

आणि अबोली, तू लिहिलेल्या वर्णनात मला जे टोचलं ते म्हणजे शेजारचं घर. सेमीमध्ये तुझी बाजू दुरुस्त आणि त्यांची नाही, असं असलं की बरेच लेंडर, म्हणजे कर्ज देणारे, मागे सरतात. मधली भिंत सामाईक, त्यांचा कॉलम उद्या फुटला तर तुझ्या बाजूला काय होतं, हा त्यांचा प्रश्न. काही लेंडर मधल्या भिंतीचंही काम झाल्याचा दाखला असेल तर तयार होतात. आणखी एक, रोखीने घेतलंस तरी विकताना समोरचा मॉर्गेजवालाच असणार आहे. स्वस्तात मिळतं तसं स्वस्तातच जातं.

मोरपंखी
एक युक्ती माझ्याकडून. सरकारी संकेतस्थळावर कुठल्याही पत्त्याचं ईपीसी फुकट बघता येतं, ऊर्जेचा दाखला. त्यात भिंतीच्या रकान्यात 'कॅव्हिटी वॉल' (मध्ये पोकळी ठेवलेली दुहेरी भिंत), 'सॉलिड ब्रिक' किंवा 'सिस्टम बिल्ट' (अशा काँक्रीटच्या वगैरे खास पद्धतीचं) असं लिहिलेलं असतं. आम्ही घर शोधताना त्या घराचंच नाही, गल्लीतल्या सगळ्यांची बघायचो. पूर्ण गल्ली सिस्टम बिल्ट आणि एकच घर कॅव्हिटी वॉल म्हणजे ते नंतर बदललेलं असणार.

खडीवाला
मोरपंखी, उत्तम! आमचे तरुण इंजिनिअरही हे विसरतात. फक्त ईपीसीवाला भिंत फोडून बघत नाही, बाहेरून वीट दिसली की तो कॅव्हिटी लिहून मोकळा होऊ शकतो. सुरुवातीला चांगलं, शेवटचा शब्द नाही.

कारण खरा घोळ इथेच आहे. 'दुरुस्त केलेलं' याचे दोन पूर्ण वेगळे अर्थ निघतात. एकात जॅक-प्रॉप लावून छप्पर आणि मजला पेलून धरतात, काँक्रीटच्या बाह्य भिंती काढून फेकतात आणि वीट-ब्लॉकची नवी भिंत पायापासून बांधतात. आतली जमीन, जिना, छप्पर जुनंच राहतं, पण भार आता नव्या भिंतीवर. ही दुरुस्ती. दुसऱ्यात जुने कॉलम जागेवरच ठेवतात आणि बाहेरून नुसता विटांचा पदर चढवतात, नाहीतर इन्सुलेशन लावून गिलावा करतात. घर उबदार होतं, सुंदर दिसतं, पण भार त्याच गंजलेल्या सळईवर, आणि आता ती दिसतही नाही.

अबोली, तुमच्या बाबतीत शेजारचं घर जुनंच आहे हा फायदा करून घ्या. दोन्ही घरांच्या मध्ये उभं राहून भिंतीची रेषा बघा. तुमची वीट शेजारच्या काँक्रीटपेक्षा चारेक इंच सरळ पुढे आली असेल तर नुसता पदर असण्याचा संशय घ्यायचा. पुरावा नव्हे, संशय. मग खिडकीच्या आत हात घालून भिंतीची जाडी बघा, मीटरची पेटी उघडा, पाइप भिंतीतून जातो तिथलं भोक टॉर्च मारून बघा. सर्वात आधी नगरपालिकेच्या बिल्डिंग कंट्रोलकडून जुनी फाइल मागवा. तिच्यात काय काढलं आणि काय ठेवलं हे लिहिलेलं असतं.

अबोली_प्लिमथ
बाप रे, केवढी माहिती. ईपीसी बघितलं : आमचं 'कॅव्हिटी वॉल', शेजारचं आणि समोरच्या ओळीतली बरीच 'सिस्टम बिल्ट'. एजंटकडे प्रमाणपत्र मागितलं तर त्याने मोठ्या ऐटीत पीडीएफ पाठवली. ती ओल-प्रतिबंधक इंजेक्शनची गॅरंटी निघाली, तीही मुदत संपलेली! नगरपालिकेला ईमेल केलाय.
खडीवाला, तपासणी करताना नेमकं काय करतात? सर्व्हेअरला काय सांगू?

खडीवाला
साधा सर्व्हे घेऊ नका. लेव्हल थ्री, म्हणजे सर्वात सविस्तर, घ्या, आणि पीआरसी घरं बघितलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर निराळा सांगा.

काँक्रीट शिल्लक असेल तर काम असं चालतं. आधी कव्हर मीटर फिरवून सळई किती खोल आहे ते बघायचं. मग कॉलमच्या कडेचा एक टवका छिन्नीने उडवायचा, ताजा तुटलेला भाग हवा, धूळ फुंकून टाकायची आणि फिनॉफ्थॅलिनचा फवारा मारायचा. अल्कली शाबूत आहे तिथे तो भडक गुलाबी होतो, गेली आहे तिथे काँक्रीट आपल्या रंगाचंच राहतं. बाहेरच्या कडेपासून पंधरा-वीस मिलिमीटर काहीच रंग नाही आणि मग एकदम गुलाबी रेघ, असं दिसतं. सळई त्या रेघेच्या बाहेर की आत, एवढंच बघायचं असतं. क्लायंटला तिथल्या तिथे दाखवता येतं, त्यामुळे मला ही चाचणी आवडते.

पण गुलाबी आलं म्हणजे सुटलो असं मानू नये. क्लोराइड असेल तर अल्कली शाबूत असूनही सळई गंजते, आणि तिला ठिकठिकाणी खड्डे पडतात. म्हणून ड्रिलची भुकटी खोलीप्रमाणे वेगवेगळ्या पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवतात. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यापर्यंत क्लोराइड असेल तर धोका कमी धरतात, एक टक्क्याच्या वर गेलं की गंभीर. आणि नमुना एकाच कॉलमचा घेऊन चालत नाही. कारखान्यात थंडीच्या आठवड्यात ओतलेला कॉलम आणि उन्हाळ्यात ओतलेला कॉलम एकाच घरात शेजारी शेजारी असू शकतात.

निळावंती_लंडन
उंच टॉवरांचंही हेच का? आम्ही ईस्ट लंडनमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याने आहोत आणि हे वाचून झोप उडाली.

खडीवाला
तो वेगळा विषय, वेगळा धोका. तुम्ही म्हणताय ते लार्ज पॅनेल सिस्टमचे, म्हणजे काँक्रीटची तयार मोठी पॅनेल एकावर एक रचलेले, टॉवर असतील, किंवा नसतीलही, सगळे टॉवर तसे नाहीत. तुमच्याच भागात कॅनिंग टाउनला रोनन पॉइंट होता, २२ मजली. १६ मे १९६८ ला पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, बाहेरचं पॅनेल उडालं आणि वरखाली अख्खा कोपरा पत्त्यांसारखा घसरला. चार माणसं गेली. त्यानंतर १९७० मध्ये नियम बदलले : एक भाग गेला तर सगळं कोसळता कामा नये. पुढे १९८६ मध्ये तो टॉवर उतरवताना सांधे उघडले तर त्यांत पोकळ्या आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले निघाले. अशा टॉवरांत गॅस नसणं आणि सांधे बळकट केलेले असणं महत्त्वाचं. इमारतीच्या मालकाकडे स्ट्रक्चरल रिपोर्ट मागा. झोप मात्र घ्या.

पेठेतला_परदेशी
आणि ते 'राक' (RAAC, रीइन्फोर्स्ड ऑटोक्लेव्हड एरेटेड काँक्रीट) काय प्रकरण आहे? २०२३ मध्ये शाळा उघडायच्या तोंडावर इथल्या शंभरावर शाळांचे वर्ग बंद केले होते, मुलीच्या शाळेचाही हॉल बंद. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, अरे ते तर आपलं सिपोरेक्स!

खडीवाला
बाबा बरोबर आहेत, थोडेसे. कुळ एकच, हवेचे बुडबुडे असलेलं हलकं काँक्रीट, खडी नसते. तोडलेल्या कडेला अनारशासारखी जाळी दिसते. पण पुण्यात भिंतींना लावतात ते ब्लॉक असतात, सळई नसलेले, भिंतीत नुसते भरायला. त्यांचं काही बिघडत नाही. इथे घोळ झाला तो सळई घातलेल्या छपराच्या फळ्यांचा. बुडबुड्यांमुळे सळईला काँक्रीटची घट्ट पकड मिळत नाही, छपरावर पाणी साचलं की ओल सरळ आत, आणि टेकूवर फळी जेमतेम बसवलेली असेल तर काही न सांगता खाली येते. २०१८ मध्ये केंटमधल्या एका शाळेचं छत सुट्टीच्या दिवशी असंच आलं, नशीब. घरांमध्येही आहे : ॲबरडीनला टोरी भागात सुमारे ५०० घरांना राकची छपरं सापडली, २०२४ मध्ये नगरपालिकेने पाडायचं ठरवलं. ज्यांनी आपलं घर पूर्वी नगरपालिकेकडून विकत घेतलं होतं त्यांची अवस्था वाईट, बाजारभावाचा वाद सुरू झाला.
ओळखायचं असेल तर सपाट छताला खालून बघा, साधारण ६०० मिमी रुंदीच्या फळ्या, सांध्याला व्ही आकाराची खाच.

लीड्सकर
कॉर्नवॉलमध्ये नोकरी लागलेला एक मित्र रेडरुथजवळ १९३० चा बंगला बघतोय. साधा, खडबडीत गिलाव्याचा. त्याला पण पीआरसी समजायचं का?

हिशेबी
पीआरसी नसेल पण तिथे 'मंडिक' चाचणीशिवाय लेंडर दारात उभा करत नाही. खाणीतला टाकाऊ दगड खडी म्हणून ब्लॉकमध्ये वापरलाय, त्यातलं पायराइट ओलीने फुगून ब्लॉक आतून भुसभुशीत होतो. भिंतीतून नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि वर्ग देतात. ए मिळाला की निर्धास्त. चाचणीचे पैसे विकणाऱ्याकडून काढायचे, तिकडे तशीच पद्धत आहे.

अबोली_प्लिमथ
अपडेट देते. नगरपालिकेची फाइल आली. तळमजल्याच्या पीआरसी भिंती काढून वीट-ब्लॉक बांधल्याचे नकाशे आहेत, कम्प्लीशन सर्टिफिकेटही आहे. भिंतीची रेषा बघितली, शेजारच्यांशी जवळजवळ सरळ आहे. पण मधल्या भिंतीच्या टोकाला जो सामाईक कॉलम आहे त्याबद्दल नकाशात एक अक्षर नाही. हिशेबींनी सुचवलेल्या वाटेने एक लेंडर तयार आहे, त्याला त्या कॉलमबद्दल इंजिनिअरचं लेखी मत हवंय. शेजारच्या आजी कॉलम उघडून बघू द्यायला तयार आहेत, म्हणाल्या माझ्या बाजूचंही फुकटात कळेल. विक्रेत्याला भाव आणखी उतरवायला सांगितलंय.

खडीवाला
झकास. आजींच्या बाजूने उघडा, तिथे भेग दिसण्याची शक्यता जास्त. आणि इंजिनिअरला 'भिंत ठीक वाटते' असं मोघम लिहू देऊ नका. कुठला कॉलम किंवा बीम, कुठे उघडला, कव्हर किती, कार्बोनेशन किती, क्लोराइड किती, आकडे हवेत.

मोरपंखी
धाग्यावरून जरा भरकटते. आमचं घर विम्पी कंपनीचं नो-फाइन्स आहे. ते या यादीत येत नाही ना? आणि भिंतीला देवघर टांगायचंय तर स्क्रू बसतच नाही, ड्रिल कधी भसकन आत जातं, कधी दगडाला लागून भलतीकडेच सरकतं.

खडीवाला
नाही येत. ते जागेवर ओतलेलं, वाळूविना, नुसती खडी आणि सिमेंट. तीन लाखांच्या आसपास बांधलीत, भिंतीत सळई नगण्य, त्यामुळे गंजून फुटायचा प्रश्न नाही आणि मॉर्गेजही बहुतेक मिळतं. दुखणं थंडी आणि बुरशीचं. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, बाहेरून इन्सुलेशन करा. गिलाव्याला भेग पडली तर लगेच बुजवा, पाणी आत शिरलं की खडीच्या पोकळ्यांतून भलतीकडेच उतरतं.
देवघरासाठी साधा प्लॅस्टिक प्लग विसरा, समोर पोकळीच असते. हॅमर बंद ठेवून भोक पाडा, जाळीची नळी घालून रेझिन भरा, त्यात स्टड बसवा आणि रात्रभर राहू द्या.

ठाणेकर_साइटवाला
आणि समई वर ठेवण्याआधी एकदा लोंबकळून बघा.